सशाच्या कानावरचे डांबर

टोकियोच्या इम्पीरियल विद्यापीठातील विकृतिशास्त्र विभागात १९१४-१५ च्या सुमारास एक काम दर दोन-तीन दिवसांनी न चुकता होत असे. पिंजऱ्यातला ससा बाहेर काढायचा, त्याचा कान हातात धरून आतल्या बाजूला कोळशाचे डांबर चोळायचे आणि ससा पुन्हा पिंजऱ्यात ठेवायचा. मग पुढचा ससा. काळ्या, उग्र वासाच्या डांबराने माखलेले कान, मधूनमधून दगावणारे ससे आणि महिनोन्महिने तेच काम. पाहणाऱ्याला यात संशोधन ते कसले, असे वाटले असते. पण याच कामातून एखाद्या पदार्थाच्या साहाय्याने निरोगी प्राण्याच्या त्वचेवर मुद्दाम कर्करोग निर्माण करता येतो, हे जगाला पहिल्यांदा दिसले.

हे काम ज्यांनी आखले, ते कात्सुसाबुरो यामागिवा स्वतः क्षयाचे रुग्ण होते. कर्करोगाच्या इतिहासात त्यांचे नाव पहिल्या रांगेत आहे. तरीही त्यांच्या हयातीत याच प्रश्नासाठी दिले गेलेले नोबेल पारितोषिक दुसऱ्याच संशोधकाला मिळाले, आणि ज्या शोधासाठी ते मिळाले तो शोध पुढे टिकला नाही.

यामागिवांचा जन्म २३ फेब्रुवारी १८६३ रोजी जपानमधील उएदा या गावी झाला. आजच्या नागानो प्रांतातले, डोंगरांच्या कुशीतले, रेशमासाठी प्रसिद्ध असलेले हे किल्ल्याचे गाव. त्यांचे मूळ आडनाव यामामोतो. वडील स्थानिक सरदाराच्या पदरी असलेले सामुराई आणि कात्सुसाबुरो त्यांचे तिसरे अपत्यपुत्र. ते पाच वर्षांचे असताना जपानमध्ये मेइजी राजवट आली, जुनी सरंजामी व्यवस्था मोडीत निघाली आणि तलवारीच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या वतन खाणाऱ्या सामुराई घराण्यांचे उत्पन्न आटले. अशा घरांतील हुशार मुलांपुढे एकच वाट उरली होती, ती म्हणजे शिक्षण.

टोकियोतील यामागिवा नावाच्या एका डॉक्टरांनी या मुलाला दत्तक घेतले. मुलगा नसलेल्या घराने होतकरू तरुणाला दत्तक घ्यायचे, आपले आडनाव द्यायचे आणि पुढे आपलीच मुलगी त्याला द्यायची, ही जपानमधील जुनी रीत. आपल्याकडचा दत्तकपुत्र आणि घरजावई ही दोन्ही नाती एकाच माणसात यावीत तशी. कात्सुसाबुरो यामामोतोचे यामागिवा झाले ते असे. डॉक्टरांचे घर चालवायला डॉक्टर हवा होता, म्हणून त्यांनी वैद्यकशास्त्राची वाट धरली.

त्या काळी टोकियो विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण जर्मन वळणाचे होते. शिकवायला जर्मन प्राध्यापक, पुस्तके जर्मन, व्याख्याने जर्मनमध्ये. यामागिवा १८८८ मध्ये पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाले. दवाखाना थाटून बसण्याऐवजी त्यांनी विकृतिशास्त्र निवडले. आजाराने शरीरात नेमके काय बदलते, हे शवविच्छेदन करून आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून शोधणारे हे शास्त्र. पैसा आणि नाव या दोन्ही दृष्टींनी ही निवड फारशी व्यवहारी नव्हती.

१८९० मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयावर ट्युबरक्युलिन हे औषध सापडल्याचे जाहीर केले आणि जगभरातून डॉक्टर बर्लिनकडे धावले. जपान सरकारनेही आपले तरुण डॉक्टर पाठवले. त्यांत यामागिवा होते. ट्युबरक्युलिनने क्षय बरा होत नाही, हे लवकरच स्पष्ट झाले. पण बर्लिनमध्ये यामागिवांना त्याहून मोठा लाभ झाला. ते रुडॉल्फ फिरखो यांच्याकडे शिकू लागले.

फिरखो हे आधुनिक विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते आणि रोग म्हणजे पेशींमध्ये झालेला बिघाड, हा विचार त्यांनी रुजवला. कर्करोगाबद्दल त्यांचे मत असे की, शरीराच्या एखाद्या भागाला दीर्घकाळ इजा किंवा दाह होत राहिला, तर तिथल्या पेशी बिघडतात आणि बेसुमार वाढू लागतात. याविरुद्ध दुसरे एक मत जर्मनीतच प्रचलित होते. गर्भावस्थेत वापरल्याविना राहून गेलेल्या पेशी शरीरात सुप्त पडून असतात आणि पुढे कधीतरी त्या जाग्या होऊन कर्करोग होतो, असे ते मत. पहिले मत खरे असेल तर कर्करोगाला बाहेरचे कारण असू शकते आणि ते कारण टाळताही येऊ शकते. दुसरे खरे असेल तर कर्करोग जन्मतःच पदरी बांधलेला. वाद चालू होता, पण पुरावा कोणाकडेच नव्हता.

पुराव्याची चाहूल मात्र फार आधी लागली होती. १७७५ मध्ये लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या कामगारांमध्ये वृषणाच्या त्वचेचा कर्करोग मोठ्या प्रमाणात होतो, हे नोंदवले होते. ही मुले अगदी लहान वयात अरुंद धुराड्यांत उतरवली जात. काजळी त्यांच्या त्वचेच्या घड्यांत साठून राही आणि पुढे तरुण वयात तिथे व्रण उठत. शंभर वर्षांनी, १८७५ मध्ये, जर्मनीत रिचर्ड फोल्कमान यांनी डांबर आणि पॅराफिनच्या कारखान्यांतील कामगारांमध्ये तसाच त्वचेचा कर्करोग पाहिला. काजळी आणि डांबर यांवर संशय होताच. पण संशय म्हणजे सिद्धता नव्हे. कामगार गरीब असतात, कोंदट घरांत राहतात, दारू पितात, कुपोषित असतात. नेमके कारण कोणते, हे प्रयोगाशिवाय सांगता येत नाही.

प्रयोगही झाले होते. युरोपात अनेकांनी उंदीर, कुत्री अशा प्राण्यांना डांबर आणि काजळी लावून पाहिली. काही आठवडे, फार तर काही महिने वाट पाहिली. त्वचा लाल झाली, सोलवटली, केस गळले, पण कर्करोग झाला नाही. तेव्हा प्राण्यांमध्ये बाहेरून कर्करोग निर्माण करता येत नाही, असे बहुतेकांनी मनाशी ठरवून टाकले.

यामागिवा १८९४ मध्ये मायदेशी परतले आणि पुढच्याच वर्षी टोकियोत विकृतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८९९ मध्ये त्यांना क्षय झाल्याचे कळले. ट्युबरक्युलिनचा बोजवारा त्यांनी बर्लिनमध्ये जवळून पाहिला होता. त्यामुळे या आजारावर औषध नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? विश्रांती, सकस आहार आणि मोकळी हवा एवढाच उपाय होता. यापुढची तीस वर्षे त्यांनी हा आजार सांभाळत काढली. प्रवास कमी केला, शक्ती जपून वापरली आणि शिकवणे व संशोधन मात्र सोडले नाही.

जपानमध्ये जठराचा कर्करोग फार आढळे. मृतांच्या जठरांचे शेकडो काप तपासताना यामागिवांना एक गोष्ट वारंवार दिसली. कर्करोगाच्या गाठीच्या आजूबाजूच्या पेशी अगदी निरोगीही नसतात आणि पुरत्या बिघडलेल्याही नसतात. त्या मधल्या कुठल्यातरी पायरीवर असतात. म्हणजे कर्करोग एका रात्रीत होत नाही. दीर्घकाळ इजा सोसणारी पेशी पायरीपायरीने बदलत तिथवर पोचते. १९०५ मध्ये त्यांनी जठराच्या कर्करोगावर ग्रंथ लिहून हा विचार मांडला. १९०७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने फक्त कर्करोगाला वाहिलेले गान हे नियतकालिक जपानमध्ये सुरू झाले. गान म्हणजे जपानीत कर्करोग. असे नियतकालिक त्या वेळी जगातही विरळाच होते.

आता विचाराला प्रयोगाची जोड हवी होती. आधीच्यांच्या अपयशातून यामागिवांनी काढलेला निष्कर्ष इतरांपेक्षा वेगळा होता. पद्धत चुकली नाही, धीर कमी पडला, असे त्यांचे म्हणणे. माणसाला काजळीने कर्करोग व्हायला दहा-वीस वर्षे लागतात. मग प्राण्यात तो काही आठवड्यांत कसा दिसेल? कर्करोग दिसेपर्यंत किंवा प्राणी मरेपर्यंत डांबर लावतच राहायचे, असे त्यांनी ठरवले.

स्वतः यामागिवांच्या अंगात रोज ते करण्याची ताकद नव्हती. हातही खंबीर हवे होते आणि प्राणी सांभाळण्याचे ज्ञानही. ते त्यांना मिळाले कोइची इचिकावा यांच्या रूपाने. साप्पोरोच्या कृषी महाविद्यालयात पशुवैद्यक शिकलेले हे तरुण संशोधक १९१३ मध्ये यामागिवांच्या प्रयोगशाळेत आले. तेव्हा यामागिवा पन्नाशीचे आणि इचिकावा पंचविशीचे. प्रयोगासाठी सशाचा कान निवडला गेला. कानाची त्वचा पातळ असते, आतल्या बाजूला केस कमी असतात, रोज नीट पाहता येते आणि सशाला तिथले डांबर सहजासहजी चाटता येत नाही.

यात नशिबाचाही भाग होता. सशाची त्वचा डांबराला बळी पडते, कुत्र्याची किंवा मोठ्या उंदराची तितकी पडत नाही, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. पण नुसत्या नशिबाने काम झाले नसते. डांबर विषारी असते. ते त्वचेतून शरीरात उतरे आणि ससे मरत. काही इतर आजारांनी दगावत. पुन्हा नवे ससे आणायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. इचिकावा ते करत राहिले.

हळूहळू कानांवर बदल दिसू लागले. आधी त्वचा जाड झाली. मग चामखिळीसारख्या गाठी उठल्या. पूर्वी काही जण इथवर पोचले होते आणि थांबले होते. यामागिवा व इचिकावा थांबले नाहीत. आणखी काही महिन्यांनी काही गाठींचे रूप पालटले. त्या वरच्या वर न वाढता खाली, कानाच्या आतल्या थरांत शिरू लागल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचे जथे आपली हद्द ओलांडून आत घुसलेले दिसत होते. हाच कर्करोग.

सप्टेंबर १९१५ मध्ये टोकियोच्या वैद्यक परिषदेपुढे हे निष्कर्ष मांडले गेले. यामागिवांना हायकू रचण्याचा छंद होता. प्रयोग यशस्वी झाल्याचा आनंद त्यांनी एका हायकूत व्यक्त केला आणि तो हायकू आजही जपानमध्ये त्यांच्या नावाबरोबर सांगितला जातो. पण सभेतल्या सगळ्यांना ते पटले नव्हते. ही नुसती दाहामुळे आलेली सूज नाही कशावरून, खरा कर्करोग असेल तर तो इतरत्र पसरायला हवा, अशा शंका निघाल्या. शंका रास्त होत्या. यामागिवा आणि इचिकावा यांनी काम चालूच ठेवले आणि काही सशांमध्ये कानातला कर्करोग जवळच्या लसिका ग्रंथींत पसरल्याचेही दाखवले. त्यानंतर आक्षेपाला फारशी जागा उरली नाही.

जगाला ही बातमी कळायला मात्र वेळ लागला. त्यांचे निबंध जर्मन भाषेत टोकियोहून प्रसिद्ध झाले. त्याच वेळी युरोपात पहिले महायुद्ध पेटले होते, आणि जपान व जर्मनी एकमेकांविरुद्ध उभे होते. १९१८ मध्ये अमेरिकेतील एका कर्करोगविषयक नियतकालिकात त्यांचा इंग्रजी निबंध आला तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. त्याच वर्षी जपानमधील चिबा येथे हिदेजिरो त्सुत्सुई यांनी पांढऱ्या लहान उंदरांच्या पाठीवर डांबर लावून कर्करोग निर्माण केला. लहान उंदीर स्वस्त, जागा कमी लागते आणि निकाल लवकर मिळतो. मग लंडन, पॅरिस, कोपनहेगन, सगळीकडे उंदरांना डांबर लावणे सुरू झाले. १९१९ मध्ये यामागिवा आणि इचिकावा यांना जपानच्या इम्पीरियल अकादमीचा पुरस्कार मिळाला.

कोपनहेगनमध्ये डांबराचे प्रयोग करणाऱ्यांत योहानेस फिबिगर हेही होते. त्यांची स्वतःची एक गाजलेली कथा होती. १९०७ मध्ये त्यांना काही उंदरांच्या जठरात गाठी आणि त्या गाठींत बारीक कृमी दिसले. हे कृमी झुरळांतून उंदरांत जातात, हे त्यांनी चिकाटीने शोधले. मग साखरेच्या कारखान्यातली झुरळे पकडून ती उंदरांना खाऊ घातली आणि १९१३ मध्ये जाहीर केले की, या कृमींमुळे उंदरांच्या जठरात कर्करोग होतो. यामागिवांच्या दोन वर्षे आधी.

नोबेल समितीपुढे १९२० च्या दशकात दोन्ही नावे आली. १९२६ मध्ये परीक्षण करणारे स्वीडनचे फोल्के हेन्शेन यांनी फिबिगर व यामागिवा यांना पारितोषिक विभागून द्यावे, अशी शिफारस केली. दुसरे परीक्षक हिल्डिंग बर्गस्ट्रँड यांना यातले काहीच नोबेलच्या तोलाचे वाटले नाही. त्या वर्षीचे पारितोषिक राखून ठेवले गेले. पुढच्या वर्षी ते देण्याचे ठरले, पण एकट्या फिबिगर यांना. डांबराने कर्करोग होतो हे धुराडी साफ करणाऱ्यांवरून आधीच माहीत होते, प्रयोगाने फक्त त्याला दुजोरा मिळाला, हा विचार यामागिवांच्या आड आला. कृमींची कल्पना मात्र अगदी नवी होती.

फिबिगर यांना पारितोषिक मिळाले डिसेंबर १९२७ मध्ये. जानेवारी १९२८ मध्ये ते वारले. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला तेव्हा निकाल जुळेनात. फिबिगर यांच्या उंदरांना दिलेल्या खाण्यात अ जीवनसत्त्व फार कमी होते. त्या अभावाने जठराचे अस्तर जाड होते आणि कृमींच्या त्रासाने त्यात गाठी उठतात. १९५२ मध्ये अमेरिकेत झालेल्या फेरतपासणीत त्या गाठी कर्करोगाच्या नसल्याचेच निष्पन्न झाले. फिबिगर यांनी फसवणूक केली नव्हती. ते प्रामाणिक आणि काटेकोर संशोधक होते. पण त्या काळी कर्करोगाची गाठ आणि कर्करोगासारखी दिसणारी गाठ यांत फरक करण्याच्या कसोट्या पक्क्या झाल्या नव्हत्या. टोकियोच्या सभेत सशांच्या कानांवर जे प्रश्न विचारले गेले, तेच प्रश्न कोपनहेगनच्या उंदरांच्या जठराबाबत तितक्याच कडकपणे विचारले गेले नाहीत.

यामागिवा १९२३ मध्ये विद्यापीठातून निवृत्त झाले. १९२८ मध्ये जर्मनीकडून त्यांना कर्करोग संशोधनासाठीचा नॉर्डहॉफ-युंग पुरस्कार मिळाला. २ मार्च १९३० रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर छत्तीस वर्षांनी, १९६६ मध्ये, टोकियोत आंतरराष्ट्रीय कर्करोग परिषद भरली होती. वृद्ध हेन्शेन तिथे गेले होते. आपण यामागिवांसाठी आग्रह धरला होता आणि ते पारितोषिक त्यांना मिळाले नाही याची खंत वाटते, असे त्यांनी तिथे बोलून दाखवले.

यामागिवांचे निधन झाले त्याच वर्षी त्यांच्या कामाचा पुढचा टप्पा लंडनमध्ये गाठला गेला. डांबरात शेकडो रसायने असतात. त्यांतले नेमके कोणते कर्करोग घडवते? अर्नेस्ट केनवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न हाती घेतला. १९३० मध्ये त्यांनी डायबेन्झअँथ्रासीन या एकाच शुद्ध रसायनाने उंदरांत कर्करोग घडवून दाखवला. मग सुमारे दोन टन डांबराचा गाळ घेऊन तो पुन्हा पुन्हा गाळत, वेगळा करत ते बेंझोपायरीनपर्यंत पोचले. १९३३ मध्ये ते रसायन जगापुढे आले. केनवे यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली होती. कोळसाच हवा असे नाही. यीस्ट, केस, कातडी असे पदार्थही फार तापवले, तर त्यातून निघणाऱ्या डांबरातही कर्करोग घडवण्याचा गुण येतो. म्हणजे विष कोळशात दडलेले नव्हते, ते अर्धवट जळण्यात जन्मत होते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यावरून मिश्री आठवावी. तव्यावर किंवा पत्र्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची, ही सवय खेड्यापाड्यांतल्या कितीतरी बायकांना लहानपणापासून जडलेली असते. तंबाखूची स्वतःची विषे असतातच, त्यांत भाजल्याने तयार होणाऱ्या या रसायनांची भर पडते. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये १९८० च्या दशकात मिश्रीवर प्राण्यांमध्ये प्रयोग झाले, तेव्हा तिच्यामुळे गाठी होत असल्याचे दिसून आले. दात स्वच्छ करण्याच्या नावाखाली धुराड्यातली काजळीच हिरड्यांना चोळण्यासारखे हे आहे.

सशाच्या कानाने उघडलेल्या वाटेवरून पुढे अनेक जण गेले. जपानमध्येच ताकाओकी सासाकी आणि तोमिझो योशिदा यांनी १९३० च्या दशकात एक रंगद्रव्य खाऊ घालून उंदरांच्या यकृतात कर्करोग निर्माण केला. त्वचेला लावलेले विष जिथे लागेल तिथे घात करते, पण पोटात गेलेले विष दूरच्या अवयवातही घात करू शकते, हे त्यातून कळले. त्यानंतर काही वर्षांतच लोण्याला पिवळेपणा आणण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका रंगाचेही असेच रूप उघड झाले. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला आयझॅक बेरेनब्लम यांनी जमालगोट्याच्या तेलाचा प्रयोग केला. हे तेल एकटे लावले तर सहसा कर्करोग होत नाही. पण आधी कर्करोगकारक रसायनाची अगदी थोडी मात्रा लावून मग हे तेल लावत राहिले, तर गाठी भराभर येतात. पेशीत ठिणगी टाकणारे विष वेगळे आणि तिला फुंकर घालणारे वेगळे असू शकते. कर्करोग पायरीपायरीने होतो, या यामागिवांच्या निरीक्षणाला त्यातून बळ मिळाले.

निसर्गाची विषेही या कसोटीतून सुटली नाहीत. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मेले. त्यांच्या खाद्यातली शेंगदाण्याची पेंड तपासली तेव्हा तिच्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन सापडले. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत त्याने यकृताचा कर्करोग होतो, तोही अत्यल्प मात्रेत, हे लवकरच दिसून आले. शेंगदाणा, मका, मिरची ही आपल्या रोजच्या जेवणातली पिके. ती ओलसर साठवली की ही बुरशी धरते आणि भाजल्याने वा शिजवल्याने तिचे विष पूर्णपणे जात नाही. खवट, काळपट, बुरशी लागलेला दाणा निवडून टाकण्याची आजीची शिस्त म्हणूनच मोलाची.

यामागिवांचे सगळेच म्हणणे मात्र टिकले नाही. दीर्घकाळ चालणारा दाह कर्करोगाला कारण होतो, हे फिरखोंचे मत आपण सिद्ध केले, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात त्वचेला झोंबणारा प्रत्येक पदार्थ कर्करोग घडवत नाही. बेंझोपायरीनसारखे रसायन शरीरात शिरले की शरीरातली विकरे ते बाहेर टाकण्यासाठी त्याचे रूप बदलतात. या बदललेल्या रूपांपैकी एक पेशीतील डीएनएला जाऊन चिकटते. मग पेशी दुभंगताना त्या जागी चूक होते आणि वाढीवर लगाम ठेवणारे जनुक बिघडू शकते. अशा अनेक चुका साठल्या की कर्करोग उभा राहतो. यामागिवांच्या काळी जनुक म्हणजे डीएनए, हेही ठाऊक नव्हते. त्यांचे स्पष्टीकरण अपुरे ठरले, पण प्रयोग खरा होता. तो कोणीही, कुठेही करून पाहावा आणि तेच उत्तर मिळावे, असा खरा.

इचिकावा पुढे होक्काइदोला परतले, तिथे प्राध्यापक झाले आणि १९४८ मध्ये वारले. कल्पना गुरूची आणि मेहनत शिष्याची, अशी वाटणी अनेकदा केली जाते. ती तितकीशी न्याय्य नाही. कुठल्या सशाला काय होते आहे, कोणती गाठ वेगळी वाटते, केव्हा थांबायचे आणि केव्हा नाही, हे ज्याच्या हातात कान असे त्यालाच आधी कळत असणार. निबंधांवर दोघांचीही नावे होती, हे यामागिवांच्या मोठेपणाला साजेसेच.

त्या सशांच्या कानांचे नमुने टोकियो विद्यापीठाने जपून ठेवले आहेत. उएदाच्या किल्ल्याच्या उद्यानात यामागिवांचा अर्धपुतळा आहे आणि २०१६ मध्ये त्यांच्या जीवनावर जपानमध्ये चित्रपटही निघाला. पण त्यांच्या कामाची खरी खूण पुतळ्यात नाही. आज एखादे रसायन कर्करोगकारक आहे, असे जाहीर होते तेव्हा त्यामागे कुठल्यातरी प्रयोगशाळेतले महिनोन्महिन्यांचे कंटाळवाणे काम असते. कर्करोग नशिबात लिहिलेला नसतो, निदान प्रत्येक वेळी तरी नाही. त्याची काही कारणे बाहेर असतात, ती शोधता येतात, आणि एकदा सापडली की टाळता येतात. धुराड्यात उतरणारी ती लहान मुले हे जाणून घ्यायला हयात नव्हती. तव्यावर तंबाखू भाजायला बसलेल्या बाईला मात्र ते आजही सांगता येते.